पोट उघडण्याआधी: तातडीच्या पोटदुखीची विरळा कारणे आणि शस्त्रक्रिया

दाभोळखाडी

कोकणातील एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षे शल्यचिकित्सक म्हणून काम केले आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. अचानक उठलेल्या पोटदुखीने मध्यरात्री आणलेले रुग्ण हा त्या कामाचा मोठा भाग होता. त्यांतील बहुतेकांचे दुखणे ठरावीक कारणांत बसत असे: अपेंडिक्सची सूज, जठराला किंवा आतड्याला पडलेले छिद्र, आतड्यातील अडथळा, पित्ताशयातील खडे, स्वादुपिंडाची सूज. या धाग्यात मला उरलेल्यांबद्दल लिहायचे आहे, म्हणजे ज्यांच्या पोटात आम्हांला अपेक्षेपेक्षा काही निराळेच सापडले त्यांच्याबद्दल. इतर डॉक्टरांनी आणि ज्यांच्या घरात असे प्रसंग घडले त्यांनीही लिहावे, अशी विनंती आहे.

साठीतील एक गृहस्थ दोन दिवसांच्या पोटदुखीने आले. दुखणे उजव्या बाजूला खाली होते, थोडा ताप होता आणि दाबल्यावर त्या जागी पोट कडक लागत होते. त्या काळी आमच्याकडे सीटी स्कॅन नव्हता आणि सोनोग्राफीत वायूमुळे काही दिसले नाही. अपेंडिक्सचे निदान धरून पोट उघडले, तर अपेंडिक्स अगदी निर्दोष होते. अशा वेळी लहान आतड्याचा शेवटचा दोन-तीन फुटांचा भाग बाहेर काढून तपासायचा, हा आमच्या गुरूंनी लावलेला नियम आहे. तो पाळला तेव्हा एका जागी वपाजाल, म्हणजे आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा, घट्ट गुंडाळलेला दिसला. तो हलकेच सोडवल्यावर आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेले माशाच्या काट्याचे टोक दिसले. काटा काढला, छिद्राच्या कडा साफ केल्या आणि आतडे अरुंद होऊ नये म्हणून टाके आडवे घातले. नंतर कोमट सलाईनने पोट धुऊन बंद केले. आठव्या दिवशी ते घरी गेले.

काटा गिळल्याचे त्यांना आठवत नव्हते, आणि यात नवल काही नाही. त्यांना वरच्या दातांची पूर्ण कवळी होती. कवळीने टाळू झाकला जातो आणि तोंडात काटा किंवा हाड आले तरी त्याची जाणीव होत नाही. गिळलेल्या वस्तूंपैकी बहुतेक आपोआप शौचावाटे निघून जातात, शंभरांत एखादीच आतड्याला भोक पाडते. पण ती जिथे पाडते ती जागा बहुधा लहान आतड्याच्या शेवटी, मोठ्या आतड्याच्या तोंडाजवळ असते आणि म्हणून ते दुखणे अपेंडिक्सचे सोंग घेते. मी त्यांना दोन दिवसांत काय खाल्ले ते विचारले होते, पण कवळी आहे का हे विचारले नव्हते. त्यानंतर मात्र तो प्रश्न मी कधी सोडला नाही.

पुस्तकात निदान आधी येते आणि शस्त्रक्रिया नंतर. प्रत्यक्षात पोट आत्ता उघडायला हवे का, याचे उत्तर नेमके काय झाले आहे हे कळण्याच्या आधी द्यावे लागते. विरळा कारण पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कळते. पण मागे वळून पाहिले की त्याची खूण रुग्णाच्या अंगावर किंवा बोलण्यात आधीपासून असते, असा माझा अनुभव आहे.

शब्दवेल्हाळ

डॉक्टर, लेख आवडला असे म्हणणे अशा विषयात बरे दिसत नाही, पण तो एका दमात वाचला. मी वैद्यकक्षेत्रातील नाही, म्हणून दोन साध्या शंका विचारतो. पहिली अशी की आता जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वत्र सीटी स्कॅन आहे, तर पोट उघडून पाहण्याची वेळ येतेच का? दुसरी अशी की अपेंडिक्स निर्दोष असताना लहान आतड्याचे शेवटचे दोन-तीन फूटच का तपासायचे?

दाभोळखाडी

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. गर्भावस्थेत आतड्याला बेंबीशी जोडणारी एक नलिका असते आणि जन्माआधी ती विरून जाते. शंभरांतील सुमारे दोन माणसांत तिचा आतड्याकडील तुकडा बोटाच्या पेरासारखा शिल्लक राहतो. योहान फ्रीडरिख मेकेल या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८०९ मध्ये त्याची उत्पत्ती समजावून दिली, म्हणून त्याला मेकेलचे डायव्हर्टिक्युलम म्हणतात. तो मोठ्या आतड्यापासून साधारण दोन फुटांवर असतो आणि लांबीने दोन इंच असतो. बहुतेकांना तो जन्मभर त्रास देत नाही. पण कधीकधी त्याच्या आत जठराचे अस्तर असते. ते आम्ल सोडते, त्या आम्लाने शेजारच्या आतड्याला व्रण पडतो, आणि लहान मूल अचानक गडद लाल शौच करू लागते किंवा त्या व्रणाला छिद्र पडते. तो सुजला तर अपेंडिक्सपासून वेगळा ओळखता येत नाही. अपेंडिक्स निर्दोष पाहून पोट बंद केले आणि मेकेल आतच राहिला, तर दोन दिवसांनी तेच पोट पुन्हा उघडावे लागते.

आता सीटीविषयी. सीटीने आमचे काम पुष्कळ सोपे केले आहे, हे मी मनापासून मान्य करतो. माशाचा काटा एक्स-रेवर सहसा दिसत नाही, सीटीवर मात्र बारीक पांढऱ्या रेघेसारखा दिसू शकतो, अर्थात पाहणाऱ्याच्या मनात तशी शंका असेल तर. पण ज्याचे पोट फळीसारखे कडक झाले आहे, नाडी १३० आहे आणि रक्तदाब उतरत चालला आहे, त्याला सलाईन, ऑक्सिजन आणि प्रतिजैविके देऊन थेट शस्त्रक्रियागृहात नेणे हेच योग्य असते. तिथे स्कॅनसाठी घालवलेला तास परत मिळत नाही.

वैनगंगाकाठ

मी फिजिशियन आहे आणि पूर्व विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयात काही वर्षे होतो. दाभोळखाडी यांच्या मुद्द्याची दुसरी बाजू मांडतो, कारण पोट न उघडणे हाही निर्णय असतो आणि तो चुकला तरी माणूस जातो.

पावसाळ्यातील एका पहाटे चारच्या सुमारास विशीतील एका शेतमजुराला आणले. रात्री जेवून जमिनीवर झोपला होता, तीन वाजता पोटाच्या जबर कळांनी जागा झाला, दोन उलट्या झाल्या. पोट मऊ होते, पण तो इतका तळमळत होता की ड्यूटीवरील तरुण डॉक्टरांनी आतड्याला पीळ पडल्याची शंका घेऊन शल्यचिकित्सकांना बोलावले. मी पोहोचलो तेव्हा तो माझ्याकडे डोके मागे टाकून पाहत होता. त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या आणि त्या वर उचलता येत नसल्यामुळे त्याने हनुवटी उचलली होती. अंगावर कुठेही दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती, आणि साप चावला असे कोणी म्हटलेही नव्हते. तरीही तो मण्यारीचा दंश होता.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. घोणस किंवा फुरसे चावल्यावर जशी सूज येते तशी येत नाही. पोटदुखी आणि उलटी ही पुष्कळदा पहिली लक्षणे असतात, आणि मग पापण्या, गिळणे, मान, शेवटी श्वासाचे स्नायू असा पक्षाघात खाली उतरत जातो. अशा रुग्णाला पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही मनाला अस्वस्थ करतो. त्याला प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरील औषध, दिले, दोन तासांतच कृत्रिम श्वासोच्छ्वासावर घ्यावे लागले आणि चार दिवसांनी तो स्वतः श्वास घेऊ लागला. विष मज्जातंतूंच्या टोकांवर एकदा बसले की प्रतिसर्पविषाने ते सुटत नाही, ती टोके पुन्हा सावरेपर्यंत श्वास देत राहावे लागते. म्हणून पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीला मी आधी 'रात्री कुठे झोपला होतात' असे विचारतो.

आमच्याकडील दुसरे कारण म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत या आजाराचे रुग्ण बरेच आहेत. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पोटात असह्य दुखते, ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात आणि चित्र हुबेहूब अपेंडिक्ससारखे दिसते. उपचार म्हणजे सलाईन, वेदनाशामक, ऊब आणि गरज पडल्यास ऑक्सिजन. निदान न करता शस्त्रक्रिया केली तर भूल, थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे संकट आणखी वाढते. मात्र याच रुग्णांना लहान वयात पित्ताचे खडे होतात आणि अपेंडिक्सही सुजू शकते, त्यामुळे ओळखीच्या सिकलसेल रुग्णाची प्रत्येक पोटदुखी आजाराच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. दर दोन-तीन तासांनी त्याच डॉक्टरने पोटावर पुन्हा हात ठेवून पाहणे, याला मला तरी दुसरा पर्याय सापडलेला नाही.

तगर

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीविषयी लिहिते, कारण वैनगंगाकाठ यांनी विचारण्याच्या प्रश्नांविषयी लिहिले आणि आम्हांलाही एक प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. वर्षभर तिचे जेवण कमी झाले होते, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटे आणि वजन वाढत नव्हते. जंतांचे औषध, भूक वाढवण्याचे टॉनिक, लोहाच्या गोळ्या, सगळे झाले. एके दिवशी शाळेतून फोन आला की ती उलट्या करते आहे आणि पोट धरून बसली आहे. रुग्णालयात नेले तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी पोटाच्या वरच्या भागात हाताला लागणारा टणक गोळा मलाच दाबून पाहायला लावला. मग त्यांनी तिच्या डोक्याकडे पाहिले. कानामागे केस विरळ झाले होते. मी रोज तिची वेणी घालत होते आणि मला ते दिसले होते, पण मी तेल बदलले होते. बाईंनी तिला जवळ घेऊन हळूच विचारले, 'तू केस खातेस का गं?' आणि ती रडू लागली.

शस्त्रक्रियेत तिच्या जठराच्या आकाराचाच केसांचा काळा गोळा निघाला आणि त्याची शेपटी लहान आतड्यात उतरली होती. ती आता बरी आहे आणि कॉलेजात जाते. तेव्हा मला कोणी नीट समजावून सांगितले नाही, म्हणून विचारते. केस पचत का नाहीत आणि गोळा तोंडावाटे दुर्बिणीने का काढता आला नाही?

दाभोळखाडी

ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल आभारी आहे. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि आपल्या पाचकरसांत ते तोडण्याची क्षमता नाही. शिवाय तो गुळगुळीत असल्यामुळे जठराच्या आकुंचनाने पुढे ढकलला जात नाही, जठराच्या घड्यांत अडकतो आणि पुढचे केस त्याभोवती गुंततात. अन्न आणि श्लेष्म मिसळून गोळा वाढत जातो. मूळ केस कोणत्याही रंगाचा असो, आम्लामुळे तो काळाच होतो. आतड्यात शेपटी गेलेल्या गोळ्याला परीकथेतील लांब केसांच्या मुलीवरून रापुन्झेल सिंड्रोम असे नाव १९६८ मध्ये दिले गेले. दुर्बिणीतून तो काढायचा तर तुकडे करावे लागतात. केस घट्ट विणलेल्या दोरासारखे असल्यामुळे सहजी तुटत नाहीत, आणि तुटलेला तुकडा पुढे सरकून आतडे बंद करण्याची भीती असते. म्हणून मोठ्या गोळ्यासाठी जठर उघडून तो अखंड काढणे आणि मग संपूर्ण लहान आतडे हाताने चाचपून एखादा तुकडा मागे राहिला नाही ना हे पाहणे, ही पद्धत अजूनही भरवशाची आहे.

केस उपटण्याची आणि खाण्याची सवय हा मनाचा आजार आहे आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार लागतात, नाही तर गोळा पुन्हा होतो. आपली मुलगी त्यातून बाहेर आली याचा फार आनंद वाटला. तेल बदलल्याचे मनाला लावून घेऊ नका. मीही अशा मुलींना जंतांचे औषध लिहून दिले असेल.

जुनी पाने

मेकेलचा उल्लेख वाचून थोडी ऐतिहासिक भर घालतो. अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रियाही एका विरळा कारणासाठीच झाली होती. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात ६ डिसेंबर १७३५ रोजी क्लॉडियस अमियंड यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाचा जांघेतील हर्निया उघडला. त्या मुलाच्या मांडीवरील जखमेतून विष्ठा झिरपत होती. हर्नियाच्या पिशवीत आतडे असेल असे वाटले होते, पण त्यात अपेंडिक्स सापडले आणि त्याला त्या मुलाने कधीतरी गिळलेल्या टाचणीने भोक पाडले होते. टाचणीवर खड्यासारखे कवच चढले होते. शस्त्रक्रिया सुमारे अर्धा तास चालली, आणि भूल देण्याचे ईथर प्रचारात यायला अजून एकशे अकरा वर्षे होती. मुलगा बरा झाला. जांघेतील अशा हर्नियात अपेंडिक्स सापडले तर त्याला आजही अमियंडचा हर्निया म्हणतात.

त्याहूनही चकित करणारी गोष्ट पुढे आहे. अपेंडिक्स काढल्याचे उदाहरण समोर असूनही पोटाच्या उजव्या बाजूच्या त्या जीवघेण्या गळवांचे मूळ अपेंडिक्समध्ये असते, हे वैद्यकविश्वाला पटायला दीडशे वर्षे लागली. बॉस्टनचे डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये ते ठामपणे मांडले आणि 'अपेंडिसायटिस' हा शब्दही त्यांनीच रूढ केला. २४ जून १९०२ रोजी, राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना, इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या पोटातील गळू सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी उघडले. त्यांनी अपेंडिक्स काढले नाही, फक्त पू वाहून जाऊ दिला. राजा वाचला आणि राज्याभिषेक ऑगस्टमध्ये झाला.

दाभोळखाडी

हर्नियाचा विषय निघालाच आहे, तर माझ्या आयुष्यातील एक चूक इथे सांगतो.

ऐंशीच्या घरातील एक आजी होत्या, अतिशय कृश. महिनाभर त्यांच्या उजव्या मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाई आणि गुडघ्याचा संधिवात समजून त्यांना तेल आणि गोळ्या चालू होत्या. एकदा गुडघ्याच्या तक्रारीसाठी मीच त्यांना तपासले होते आणि संधिवात असे लिहून दिले होते. पुढे तीन दिवस उलट्या, पोट फुगलेले, वारा सरत नाही, अशा अवस्थेत त्या आल्या. एक्स-रेत फुगलेल्या आतड्यात पाण्याच्या पातळ्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा वण नव्हता, दोन्ही जांघांत आणि बेंबीत हर्निया नव्हता. मग अडथळा कशाचा, हे कळत नव्हते.

ओटीपोटाच्या हाडांत पुढच्या बाजूला एक छिद्र असते आणि ते पडद्याने बंद असते. त्या पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या अरुंद वाटेने एक मज्जातंतू मांडीत उतरतो. तरुण, भरलेल्या शरीरात ही वाट चरबीने बुजलेली असते. म्हातारपणी, विशेषतः बाळंतपणे झालेल्या कृश स्त्रियांत, ती चरबी झडते आणि आतड्याची कड त्या वाटेत शिरून अडकते. बाहेरून फुगवटा दिसत नाही, कारण तो मांडीच्या स्नायूंखाली असतो. मज्जातंतू दाबला गेल्यामुळे मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते, पाय सरळ करून आत वळवला की ती वाढते आणि गुडघा पोटाशी घेतला की कमी होते. आजी कायम पाय मुडपून कुशीवर निजत आणि घरचे म्हणत की गुडघ्यामुळे.

पोट उघडल्यावर उजवीकडे त्या छिद्रात बोटभर आतडे अडकलेले होते. ते ओढून काढायचे नसते, ओढले की फाटते. वाटेची कड किंचित सैल करून ते मागून ढकलत सोडवले. रंग जांभळा होता. कोमट सलाईनच्या ओल्या कापडात गुंडाळून, पूर्ण ऑक्सिजन देत आम्ही दहा मिनिटे थांबलो. आतडे जिवंत आहे की नाही हे तीन गोष्टींवरून पाहतात: रंग गुलाबी होतो का, कडेच्या रक्तवाहिनीत ठोका लागतो का, आणि टिचकी मारल्यावर आतडे आकुंचन पावते का. आजींच्या आतड्याचा मधला चार इंचांचा भाग काळाच राहिला. तो काढून टोके जोडली आणि छिद्र बंद केले. त्या वाचल्या, पण त्यांचे पाच आठवडे रुग्णालयात गेले आणि पहिल्या तपासणीत मी मांडी वळवून पाहिली असती तर ते टळले असते. आता सीटीमध्ये हा हर्निया स्पष्ट दिसतो, म्हणून उलट्या करणाऱ्या कृश वृद्धेच्या गुडघेदुखीकडे घरच्यांनीही जरा थांबून पाहावे.

रानजाई

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून एकच गोष्ट जोडते. वयात आलेल्या कोणत्याही मुलीच्या किंवा स्त्रीच्या अचानक पोटदुखीत लघवीची गर्भचाचणी झालीच पाहिजे, मग ती विवाहित असो वा नसो, आणि पाळी नियमित आहे असे घरचे सांगत असले तरी. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला की पोटात दीड-दोन लिटर रक्त साठू शकते आणि आडवे झाल्यावर खांद्याच्या टोकाला दुखते, कारण रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, टेकते. मुलीला खांद्याविषयी विचारले आणि नातेवाइकांना बाहेर पाठवून पाळीविषयी विचारले, तर बहुधा खरे उत्तर मिळते. अंडाशयाला पीळ पडला असेल तर तो काळसर दिसला म्हणून लगेच काढू नये. पीळ सोडवून ठेवला तर बहुतेक वेळा तो सावरतो. आता हे सर्व दुर्बिणीतून करता येते.

शब्दवेल्हाळ

आणखी एक शंका. अलीकडे अपेंडिक्सला शस्त्रक्रियेऐवजी प्रतिजैविके देऊन भागते असे वाचले. मग तातडीने पोट उघडण्याचा आग्रह कितपत धरावा?

दाभोळखाडी

हा प्रश्न योग्य आहे आणि त्यावर चांगले अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत पंधराशेंहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिजैविके घेतलेल्या दहांपैकी सुमारे तिघांना नव्वद दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली. ज्यांच्या अपेंडिक्समध्ये विष्ठेचा खडा होता त्यांच्यात हे प्रमाण दहांत चार होते. फिनलंडच्या अभ्यासात पाच वर्षांत शंभरांतील एकोणचाळीस जणांचे अपेंडिक्स अखेर काढावे लागले. म्हणजे न फुटलेल्या, खडा नसलेल्या अपेंडिक्ससाठी हा मार्ग खुला आहे, पण सीटीने तशी खात्री झाल्यावर आणि रुग्णाला हे आकडे सांगितल्यावर. वर ज्या विरळा कारणांची चर्चा चालू आहे त्यांतील एकही प्रतिजैविकांनी बरे होणारे नाही.

गोदाकाठ

हा धागा तीन दिवस वाचतो आहे. लिहावे की नाही हे ठरत नव्हते.

माझे वडील बहात्तर वर्षांचे होते. हृदयाचे ठोके अनियमित होते म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती. दाढ काढायची होती, रक्तस्राव होईल या भीतीने त्यांनी आठवडाभर ती गोळी आपणच बंद ठेवली आणि दाढ काढल्यानंतर पुन्हा सुरू करायची राहिली. दहाव्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांना पोटात इतके दुखू लागले की कधीही न ओरडणारा माणूस ओरडू लागला. जवळच्या दवाखान्यात नेले. पोट मऊ होते, सोनोग्राफीत काही नव्हते, वायू आहे असे सांगून इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले. शेजारच्या काकूंनी बेंबी सरकली म्हणून पोट चोळले. सकाळी पोट फुगले, शौचात रक्त आले. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेव्हा चौदा तास उलटले होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की जवळजवळ सगळे लहान आतडे काळे पडले आहे, आम्ही पोट बंद केले आहे. दुसऱ्या दिवशी ते गेले.

मला कोणालाही दोष द्यायचा नाही. मला फक्त समजून घ्यायचे आहे की पोट मऊ असताना आत एवढे कसे घडत होते.

दाभोळखाडी

आपले दुःख समजते. सविस्तर उत्तर देतो.

हृदयाचा वरचा कप्पा अनियमित थरथरत असेल तर त्यात रक्ताची गुठळी होते. ती सुटून रक्तप्रवाहात आली की मेंदूत जाऊ शकते, पायात जाऊ शकते किंवा लहान आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत जाऊ शकते. रक्त थांबले की आतडे तत्काळ आकसते आणि त्याच्या वेदना पराकोटीच्या असतात. पण पोटाचा कडकपणा आतड्यामुळे येत नाही. पोटाच्या भिंतीला आतून असलेले अस्तर, म्हणजे उदरावरण, दाहाने चिडले की वरचे स्नायू आखडतात आणि पोट कडक लागते. सुरुवातीच्या तासांत आतडे उपाशी असते, फुटलेले किंवा सडलेले नसते, म्हणून उदरावरण शांत असते आणि पोट मऊ लागते. दुखणे हाताला लागणाऱ्या खुणांच्या मानाने फार जास्त, हीच या आजाराची खूण आहे. साधारण सहा तासांत आतड्याच्या भिंतीची हानी भरून न येण्याच्या टप्प्याला पोहोचू लागते. पोट कडक होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. सोनोग्राफीत वायूमुळे ही धमनी दिसत नाही, त्यासाठी शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी करावा लागतो.

लवकर कळले तर काय करता येते, तेही सांगतो, कारण हा धागा वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरी ते उपयोगी पडेल. गुठळी सहसा धमनीच्या अगदी मुखाशी न अडकता काही सेंटिमीटर पुढे अडकते, त्यामुळे लहान आतड्याचा सुरुवातीचा हातभर भाग गुलाबी राहतो आणि शस्त्रक्रियेत त्यावरूनच निदान पक्के होते. धमनीवर छोटा छेद घेऊन, टोकाला फुगा असलेली बारीक नळी आत सारतात, फुगा फुगवून ती मागे ओढली की गुठळी बाहेर येते. ही नळी थॉमस फोगार्टी यांनी १९६३ मध्ये जगापुढे ठेवली. रक्त परत आल्यावर अर्धा तास थांबून जो भाग मेला आहे तेवढाच काढतात, शंका असलेला भाग ठेवतात, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पोट पुन्हा उघडून पाहतात. हे दुसऱ्यांदा पाहणे पहिल्याच दिवशी ठरवलेले असते, मग रुग्ण दुसऱ्या दिवशी कितीही बरा दिसो. असे करण्याचे कारण म्हणजे आतड्याचा प्रत्येक फूट मोलाचा असतो, दोन मीटरपेक्षा कमी उरले तर पोषण टिकवणे अवघड होते. सगळेच आतडे मेलेले असेल तर पोट बंद करणे हा कठोर निर्णय असतो. आपल्या वडिलांच्या डॉक्टरांनी तो घेतला तेव्हा त्यांना अधिक यातना होऊ नयेत हाच विचार असणार.

काकूंनी पोट चोळल्यामुळे काही बिघडले असे वाटत असेल तर तसे नाही. मात्र अचानक उठलेल्या दुखण्यात पोट चोळण्यात वेळ जातो आणि फुगलेल्या, सुजलेल्या आतड्याला इजा होऊ शकते, म्हणून ते करू नये.

वैनगंगाकाठ

यात एक भर. अशा रुग्णाला वेदनाशामक दिले तर निदान झाकले जाईल, ही जुनी समजूत अनेक दवाखान्यांत अजून आहे. ती आता टिकत नाही. शिरेतून योग्य मात्रेत वेदनाशामक दिल्यावर रुग्ण शांत होतो आणि पोट उलट अधिक नीट तपासता येते. चूक इंजेक्शन देण्यात नसते, इंजेक्शनने बरे वाटले म्हणून घरी पाठवण्यात असते. अनियमित नाडी आणि अचानक पोटदुखी या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी रुग्णाला घरी सोडत नाही.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. चार वर्षांत हे इतके स्पष्ट कोणी सांगितले नव्हते. आता आईलाही तीच गोळी चालू झाली आहे आणि पुढच्या महिन्यात तिचाही एक दात काढायचा आहे. तेव्हा काय करावे?

दाभोळखाडी

गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि दंतवैद्यांपासून ती लपवूही नये. गोळीचे नाव आणि मात्रा लिहून आईंचे हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य या दोघांनाही दाखवा. वॉरफेरिनसारखी गोळी असेल तर दात काढण्याच्या आदल्या दिवशी आयएनआर ही रक्ताची तपासणी करतात. ती मर्यादेत असेल तर एक-दोन दात गोळी चालू ठेवूनच काढता येतात. जागेवर टाका आणि रक्त थांबवणारा बोळा दिला की पुरते. नव्या प्रकारच्या गोळ्यांत फार तर त्या सकाळची मात्रा पुढे ढकलायला सांगतात. आणि काही कारणाने गोळी थांबवावीच लागली, तर ती पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची हे त्याच कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद आईंच्या औषधांच्या डब्यावर चिकटवून ठेवा.